डुकरांचे विषाणुरोग आणि पेशीतील सूक्ष्म-आरएनए

पाळीव जनावरांचा विचार निघाला म्हणजे गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांच्यापलीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डुक्कर हा प्राणी या बाबतीत उपेक्षितच राहिला आहे. परंतु आसाम, मेघालय, नागालँड, मिझोराम, झारखंड इत्यादी प्रदेशांतील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने परसातील दोन-चार डुकरे हीच घरची पेढी होय. मुलांचे शिक्षण, आजारपण, लग्नकार्य यांपैकी कोणताही खर्च उभा राहिला की एखादे जनावर विकून तो भागविला जातो. २०१९ सालच्या पशुगणनेत भारतात सुमारे ९० लाख ६० हजार डुकरे आढळली व त्यांपैकी जवळजवळ २१ लाख एकट्या आसामात होती. २०१२ सालच्या गणनेत देशातील हीच संख्या सुमारे १ कोटी ३ लाख होती.

अशा या धनावर रोग कोसळला म्हणजे काय होते, हे २०२० साली दिसून आले. त्या वर्षी आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात प्रथमच, आसाम व अरुणाचल प्रदेश या राज्यांत, प्रकट झाला. या रोगात मृत्यूचे प्रमाण अतिशय मोठे असते. तो पसरू नये म्हणून बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिसरातील डुकरे, ती निरोगी दिसत असली तरी, नष्ट करण्याचा नियम आहे. जात्यातले आणि सुपातले असा भेद तेथे उरत नाही. शास्त्रीय दृष्टीने हा नियम योग्य असला, तरी रोगाशी झुंजण्याचे प्रमुख साधन संहार हेच असावे, ही गोष्ट कोणत्याही विज्ञानास भूषणावह नाही. यास्तव या प्राण्याच्या स्वतःच्या पेशींत विषाणूस रोखण्याची काही शक्ती आहे काय, व असल्यास तिचा उपयोग करून घेता येईल काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

सूक्ष्म-आरएनए म्हणजे काय?

प्राण्याच्या प्रत्येक पेशीत वंशपरंपरेने आलेल्या सूचनांचा एक मोठा ग्रंथ असतो. हा ग्रंथ डीएनए या द्रव्याच्या रूपाने केंद्रकात सुरक्षित असतो. त्यातील एखाद्या सूचनेनुसार प्रथिन बनवावयाचे असेल, तेव्हा त्या सूचनेची एक नक्कल आरएनए या द्रव्यात उतरवून घेतली जाते. ती केंद्रकाबाहेर पाठविली जाते व तेथे तिच्या आधारे प्रथिन तयार होते. या नकलेस संदेशवाहक आरएनए असे म्हणतात.

आरएनएचे काम निरोप पोहोचविणे एवढेच आहे, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. १९९३ साली अमेरिकेतील व्हिक्टर अॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकन या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह एका सूक्ष्म सूत्रकृमीचा अभ्यास करून तिला धक्का दिला. त्या कृमीच्या एका जनुकापासून प्रथिन मुळीच बनत नव्हते. त्यापासून सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा एक चिमुकला तुकडा बनत होता, व तो तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशास चिकटून त्याचे प्रथिन बनू देत नव्हता. ही त्या कृमीपुरती विचित्र गोष्ट असावी, असे अनेकांस वाटले. परंतु २००० साली असाच दुसरा तुकडा सापडला व तो मनुष्यापर्यंत अनेक प्राण्यांत आढळला. तेव्हा या शोधाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अॅम्ब्रोस व रुव्हकन यांना या कार्याबद्दल देण्यात आले.

सूक्ष्म-आरएनए तयार होण्याची रीत अशी आहे. केंद्रकात प्रथम त्याचा लांब, दुमडलेला पूर्वरूपी धागा बनतो. ड्रोशा नावाचे विकर त्यास छाटते. मग तो केंद्रकाबाहेर येतो व डायसर हे दुसरे विकर त्यास आणखी आखूड करते. उरलेला तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसतो व ही जोडी पेशीद्रवात संदेशांची तपासणी करीत फिरते. आरएनएच्या चार अक्षरांपैकी ए चे यू शी व जी चे सी शी जुळते. सूक्ष्म-आरएनएच्या दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे ज्या संदेशाशी अशी जुळतात, तो संदेश दाबला जातो किंवा नष्ट होतो. केवळ सात अक्षरांची ही जुळणी असल्यामुळे एकच सूक्ष्म-आरएनए शेकडो संदेशांवर अंमल चालवू शकतो. ही गोष्ट वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. कारण या विषयातील आशा व धोका ही दोन्ही तिच्यातच आहेत.

विषाणू आणि यजमान

विषाणूस स्वतःचा कारखाना नसतो. तो यजमान पेशीत शिरतो व तिच्याच सामग्रीवर आपली संतती वाढवितो. ज्या विषाणूंचा ग्रंथच आरएनएचा असतो, त्यांचा तो ग्रंथ पेशीद्रवात उघडा पडतो. आणि तेथे सूक्ष्म-आरएनएचा पहारा असतो. मग या पहारेकऱ्याने परक्या ग्रंथावरही हात टाकावा, हे संभवनीय ठरते. डुकरांच्या बाबतीत ही कल्पना ज्या रोगावर सर्वांत अधिक पारखली गेली, तो म्हणजे पीआरआरएस या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा प्रजनन व श्वसन यांचा रोग.

हा रोग १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रथम ध्यानात आला व १९९० च्या सुमारास युरोपात दिसला. त्याचा विषाणू १९९१ साली नेदरलँड्समधील लेलीस्टाट येथे वेगळा करण्यात आला. या रोगात गाभण डुकरिणी गर्भ टाकतात, मेलेली वा अशक्त पिल्ले जन्मतात आणि वाढत्या जनावरांना श्वासाचा विकार जडतो. २००६ साली चीनमध्ये त्याच्या उग्र प्रकाराने वीस लाखांवर डुकरांना ग्रासले व सुमारे चार लाख दगावली. एकट्या अमेरिकेत या रोगामुळे वर्षाला सुमारे ६६ कोटी ४० लाख डॉलरची हानी होते, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारतातही, मिझोरामात, हा रोग प्रथम आढळला. मनुष्यास तो होत नाही.

या रोगावर लसी आहेत. परंतु विषाणूचा आरएनए सतत बदलत असल्याने एका जातीविरुद्धची लस दुसरीपासून पुरते संरक्षण देत नाही. शिवाय हा विषाणू शरीराच्या रक्षणासाठी नेमलेल्या पेशींतच ठाण मांडतो. फुप्फुसातील वायुकोशांत शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी हेच त्याचे आवडते घर होय. त्या पेशींच्या अंगावर सीडी-१६३ नावाचे एक प्रथिन असते. ते विषाणूच्या प्रवेशाचे दार बनते.

२०१३ साली बीजिंग येथील चीन कृषी विद्यापीठातील संशोधकांनी १८१ या क्रमांकाच्या सूक्ष्म-आरएनएविषयी दोन महत्त्वाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिला असा की, हा सूक्ष्म-आरएनए विषाणूच्या सुमारे पंधरा हजार अक्षरांच्या ग्रंथातील एका विशिष्ट जागी चिकटतो व त्याची वाढ रोखतो. ती जागा या विषाणूच्या निरनिराळ्या नमुन्यांत शेकडा ९६ हून अधिक सारखी आढळली. म्हणजे सतत रूप पालटणाऱ्या या शत्रूच्या देहातील ती एक स्थिर खूण ठरली. दुसरा निष्कर्ष असा की, हाच सूक्ष्म-आरएनए डुकराच्या पेशीतील सीडी-१६३ या प्रथिनाचे उत्पादनही कमी करतो. तो एकीकडे आत आलेल्या चोरास धरतो व दुसरीकडे दारही लोटून घेतो.

याच अभ्यासात आणखी एक सूचक गोष्ट आढळली. ज्या पेशींत हा विषाणू जोमाने वाढतो, तेथे या सूक्ष्म-आरएनएचे प्रमाण कमी होते. ज्या पेशींत तो फारसा वाढत नाही, तेथे ते पुष्कळ अधिक होते. इतकेच नव्हे, तर प्रयोगशाळेत बनविलेला कृत्रिम १८१ बाधित डुकरांना दिला असता त्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण बरेच घटले व तापही उतरला. पुढे अशी इतर उदाहरणेही मिळाली. २३ क्रमांकाचा सूक्ष्म-आरएनए विषाणूच्या आरएनएवर थेट घाव घालतो व इंटरफेरॉन या विषाणुरोधक द्रव्याच्या वाढीसही हातभार लावीत असावा, असे २०१४ साली दाखविण्यात आले. १२५-बी हा सूक्ष्म-आरएनए पेशीतील एका नियंत्रक यंत्रणेस आवर घालून विषाणूची वाढ कमी करतो, असेही दिसून आले.

कुंपणच जेव्हा शेत खाते

येथवरचा वृत्तान्त वाचून आता रोगावर रामबाण उपाय सापडला, असा ग्रह होण्याचा संभव आहे. वृत्तपत्रांतील मथळे कित्येकदा हाच ग्रह पसरवितात. तो चुकीचा आहे, व अंती संशोधनासही घातक आहे. कारण अवास्तव आशा भंगली म्हणजे लोक खऱ्या ज्ञानावरही अविश्वास दाखवितात.

पहिली अडचण अशी की, सूक्ष्म-आरएनए हा काही विषाणूशी लढण्यासाठीच नेमलेला शिपाई नव्हे. पेशीचा दैनंदिन कारभार नियमित ठेवणे हे त्याचे मुख्य काम आहे, आणि त्या कारभाराचा लाभ विषाणूही उठवू शकतो. त्याच पीआरआरएस विषाणूची बाधा झाली असता २४ क्रमांकाचा एक सूक्ष्म-आरएनए वाढतो. तो हीम ऑक्सिजनेज या विषाणूस प्रतिकूल असलेल्या प्रथिनाचे उत्पादन दाबतो. परिणामी विषाणू फोफावतो, असे २०१५ साली दाखविण्यात आले. मनुष्याच्या यकृतातील १२२ क्रमांकाच्या सूक्ष्म-आरएनएचे उदाहरण तर अधिकच प्रसिद्ध आहे. यकृतदाह उत्पन्न करणारा हेपटायटिस-सी विषाणू आपल्या वाढीसाठी त्याच्यावरच अवलंबून असतो, हे २००५ साली उघड झाले. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार होय. तेव्हा यजमानाचे सूक्ष्म-आरएनए विषाणूस रोखतात, असे सरसकट विधान करणे योग्य नाही. कोणता सूक्ष्म-आरएनए, कोणत्या पेशीत, कोणत्या विषाणूविरुद्ध, एवढे सांगितल्यावाचून त्या विधानास अर्थ येत नाही.

दुसरी अडचण काचपात्र व जिवंत प्राणी यांतील अंतराची आहे. या विषयावरील बहुतेक प्रयोग पेशींच्या संवर्धनावर झाले आहेत. पात्रातील पेशींत एखादा सूक्ष्म-आरएनए नैसर्गिक प्रमाणाच्या कित्येक पट ओतता येतो. प्राण्याच्या शरीरात मात्र उघडा आरएनए रक्तातील विकरांच्या योगे लवकर फुटून जातो, व नेमक्या त्या पेशींपर्यंत तो पोहोचविणे हे मोठे कठीण काम असते. आरएनएच्या आखूड तुकड्यांवर आधारलेले पहिले औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. त्यात औषध मेदकणांत गुंडाळून यकृताकडे न्यावे लागते. यकृत हे तुलनेने सुलभ लक्ष्य आहे. फुप्फुसातील भक्षक पेशींविषयी तसे म्हणता येत नाही.

तिसरी अडचण सुरक्षिततेची. एकच सूक्ष्म-आरएनए शेकडो संदेशांवर अंमल चालवितो, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा तो बाहेरून भरपूर दिला, तर विषाणूखेरीज इतर कितीतरी व्यवहारांत ढवळाढवळ होणे अपरिहार्य आहे. कर्करोगावर ३४ क्रमांकाच्या कृत्रिम सूक्ष्म-आरएनएची मनुष्यावरील चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. कारण काही रोग्यांत प्रतिकारशक्तीशी निगडित अशी गंभीर लक्षणे उद्भवली. हा इशारा पशुवैद्यकानेही मनावर घेण्यासारखा आहे. यात खर्चाची बाब मिळविली, म्हणजे परसातील चार डुकरांसाठी असे औषध आज विकत घेणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही, हे स्पष्ट होते.

मग या ज्ञानाचा उपयोग काय?

वरील अडचणींवरून हे संशोधन निष्फळ आहे, असा निष्कर्ष काढणे ही उलट दिशेची चूक ठरेल. औषध हा ज्ञानाचा एक उपयोग आहे. एकमेव उपयोग नव्हे. सूक्ष्म-आरएनएच्या अभ्यासाने विषाणूचे जीवन कोठे दुबळे आहे हे दाखवून दिले, तरी तेवढ्यानेही मोठे काम होते.

याचे एक उत्तम उदाहरण सीडी-१६३ या दाराचेच आहे. ते दार आपल्या जागी नसेल तर काय होईल, असा विचार करून अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठात या प्रथिनाचे जनुक निकामी केलेली डुकरे निपजविण्यात आली. विषाणूची लागण करूनही ती आजारी पडली नाहीत, असे २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्याच तत्त्वावर जनुकात बदल केलेल्या डुकरांच्या एका वाणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली मान्यता दिली. जनुकसंपादनाचा हा मार्ग सूक्ष्म-आरएनएच्या मार्गाहून निराळा आहे. परंतु दोन्ही मार्ग एकाच दाराशी येऊन मिळावेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दोन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष जुळली म्हणजे तिचे मोल वाढते.

दुसरा उपयोग लसनिर्मितीत संभवतो. एखाद्या जिवंत विषाणूच्या ग्रंथात यजमानाच्या सूक्ष्म-आरएनएला ओळखता येईल अशी खूण मुद्दाम घातली, तर तो सूक्ष्म-आरएनए जेथे विपुल असेल तेथे त्या विषाणूस वाढता येत नाही. असा लगाम घातलेला विषाणू लस म्हणून उपयोगी पडू शकेल. पोलिओ व इन्फ्लुएन्झा यांच्या विषाणूंवर असे प्रयोग २००८-०९ च्या सुमारासच यशस्वीपणे करण्यात आले आहेत. तिसरा उपयोग निवड-पैदाशीचा. काही डुकरे रोगास अधिक तोंड देतात व काही लवकर बळी पडतात. या फरकाचा संबंध त्यांच्या पेशींतील सूक्ष्म-आरएनएच्या प्रमाणाशी आहे, असे सिद्ध झाले, तर पैदाशीसाठी जनावरे निवडताना ती एक कसोटी होऊ शकेल.

आपल्या देशाचे कर्तव्य

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो व तो विचार करण्याजोगा आहे. खेड्यातील डुकरांपर्यंत साधी लस वेळेवर पोहोचत नाही, तेथे बावीस अक्षरांच्या तुकड्यांवर पैसा खर्च करणे हा पाया सोडून कळस बांधण्याचा प्रकार नव्हे काय?

आक्षेपातील व्यथा खरी आहे. लसटोचणी, गोठ्यांची स्वच्छता, उष्टे-खरकटे उकळून मगच खाऊ घालणे, नव्या जनावरास काही दिवस वेगळे ठेवणे, आणि नष्ट केलेल्या जनावरांची भरपाई लवकर देणे, या गोष्टींची जागा कोणताही सूक्ष्म-आरएनए घेऊ शकणार नाही. त्यांचा पैसा काढून प्रयोगशाळेस देण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. परंतु आक्षेपातील निष्कर्ष मात्र बरोबर नाही. भारतात १९४४ साली अलीगढ येथे नोंदल्या गेलेल्या साध्या स्वाइन फीव्हरवर पुढे अनेक दशके जी लस वापरली गेली, ती सशांच्या शरीरात विषाणू वाढवून बनविली जात असे. त्यासाठी सशांचे बळी द्यावे लागत व तरीही लस गरजेच्या मानाने अपुरीच पडे. इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशी-संवर्धनावर बनविलेली लस २०२० साली उपलब्ध करून दिली, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. काचपात्रात पेशी वाढविण्याची विद्या हाही एके काळी प्रयोगशाळेतील चैनीचा विषय समजला गेला असता! आजचे निरुपयोगी वाटणारे ज्ञान उद्याच्या लसीचा पाया होतो, हे याच रोगाचा इतिहास सांगतो.

आणखी एक कारण आहे. सूक्ष्म-आरएनएविषयी वर दिलेली माहिती बव्हंशी परदेशी संशोधनाने, तेथील डुकरांवर व तेथील विषाणूंवर मिळविलेली आहे. भारताची स्वतःची वराहसंपत्ती निराळी आहे. बंगालचे घुंगरू, मेघालयाचे नियांग मेघा, आसामचे डूम, नागालँडचे तेन्यी वो, मिझोरामचे झोवाक आणि गोव्याचे आगोंद गोअन ही देशी वाणे अधिकृतपणे नोंदली गेली आहेत. त्यांच्या फुप्फुसातील भक्षक पेशींत कोणते सूक्ष्म-आरएनए किती प्रमाणात आहेत, याची तालिका कोणी परदेशातून आणून देणार नाही. ती येथेच तयार झाली पाहिजे. एखाद्या साथीत ही वाणे नामशेष झाली, तर त्यांच्या पेशींत असलेले उत्तर, काही असल्यास, कायमचे पुसले जाईल.

हे कार्य खाजगी औषध कंपन्यांवर सोडून भागणार नाही. गरिबाच्या परसातील डुकरात त्यांना नफा दिसणे कठीण आहे. ज्या संस्थेचे मूळ १८८९ साली पुण्यात स्थापन झालेल्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत आहे ती इज्जतनगरची संस्था, गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र, आणि ईशान्येकडील पशुवैद्यक महाविद्यालये यांनीच हे काम अंगावर घेतले पाहिजे. त्यात तीन नियम पाळले जावेत. पात्रातील निष्कर्ष प्राण्यावर पडताळल्यावाचून त्यास उपचार असे नाव देऊ नये. विषाणूस रोखणाऱ्या सूक्ष्म-आरएनएइतक्याच कसोशीने त्यास मदत करणाऱ्यांचाही शोध घ्यावा. आणि जे प्रयोग फसले त्यांचेही वृत्त प्रसिद्ध करावे. कारण फसलेला प्रयोग लपविला, तर तोच दुसऱ्या कोणाकडून पुन्हा केला जातो आणि त्यात सार्वजनिक पैसा व जनावरांचे प्राण दोन्ही व्यर्थ जातात.

एका सूत्रकृमीच्या अभ्यासातून निघालेले ज्ञान तीस वर्षांत डुकराच्या फुप्फुसापर्यंत येऊन पोहोचले. तेथून ईशान्येकडील एखाद्या परसापर्यंतची वाट त्याहून अवघड असू शकेल. परंतु रोग आला म्हणजे जनावरे पुरण्यासाठी खड्डा खणणे, एवढेच त्या परसाच्या मालकाच्या हाती राहू नये अशी इच्छा असेल, तर ती वाट चालण्यास सुरुवात साथ येण्यापूर्वीच केली पाहिजे.